आभाळ पडलं, तेही आपल्याच जिल्ह्यात!

पाठीवर पान पडलं म्हणून आभाळ पडलं समजून पळत सुटलेला ससा आपल्या सगळ्यांच्या लहानपणीचा. पण खामगावकरांनो, आभाळातून खरोखरच काहीतरी कोसळलं आणि जमीन फाटली, ती जागा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणार!

विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. आतल्या सरोवराचं पाणी बघायची घाई करू नका, आधी काठ बघा. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, एरवी पोळ्यांच्या चवडीसारखा थरावर थर, आडवा पडलेला असतो. लोणारच्या काठावर मात्र हे थर बाहेरच्या बाजूला कललेत, काही ठिकाणी तर पार उलटे झालेत. तडाखा किती जबर होता, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

तरीही कितीतरी वर्षं हा ज्वालामुखीचाच खड्डा मानला जायचा. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टसारख्या नामवंत अमेरिकन भूवैज्ञानिकाने 1896 मध्ये ॲरिझोनाच्या विवराची तुलना लोणारशी केली आणि अशनीची शक्यता बाजूला सारली. दोन्हीकडे अंदाज चुकला! पुढे सरोवराच्या तळाला भोकं पाडून सुमारे 100 मीटर गाळाखालचा खडक वर काढला गेला. त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. खडकातलं एक खनिज न वितळताच, निव्वळ धक्क्याच्या दाबाने काचेसारखं होतं, ते हे. एवढा दाब ज्वालामुखीला जमत नाही. 1973 मध्ये हा पुरावा ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आला.

वय? आधी 52 हजार वर्षं म्हणायचे. 2011 मध्ये आरगॉन वापरून केलेल्या कालमापनाने ते एकदम 5 लाख 70 हजारांच्या घरात नेलं.

गावाची गोष्ट वेगळी, आणि मला ती फार आवडते. लोणासुर इथे जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूने अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. म्हणून गावात दैत्यसूदनाचं मंदिर. वरून आलेला मार आणि उडालेली जमीन, दोन्ही या कथेत आहेत!

सरोवराच्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते खारट. कमळजादेवीच्या मंदिराजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत मात्र एका बाजूला गोडं, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, असं सांगतात.

आणि विवरातून उडालेल्या मातीत काचेचे बारीक मणी मिळतात. वितळलेल्या बसाल्टचे थेंब हवेतच गोठून झालेले. चंद्रावरच्या मातीतही असे मणी आहेत, म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारला येतात.