कांद्याचं निर्यात शुल्क नेमकं कोण भरतं? दुबईचा व्यापारी की नाशिकचा शेतकरी?

केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क रद्द केलं आणि ऑगस्ट २०२३ पासून सुरू असलेली निर्बंधांची मालिका थांबली. या दीड-पावणेदोन वर्षांत सोशल मीडियावर एक युक्तिवाद वारंवार फिरत होता. कांद्याचा विषय निघाला की तो आजही दिसतो: 'शुल्क निर्यातीवर आहे, ते परदेशी ग्राहक भरेल. यात शेतकऱ्याचं काय जातं?'

बरंच जातं. कसं, ते एका हिशेबातून पाहू. आकडे फक्त समजून घेण्यासाठी धरले आहेत.

समजा, दुबईतला एक व्यापारी न्हावाशेवा बंदरात पोहोचलेल्या भारतीय कांद्याला किलोमागे ४२ रुपये द्यायला तयार आहे. त्याहून जास्त तो देणार नाही, कारण त्याला पाकिस्तान, इजिप्त किंवा चीनचा कांदाही मिळतो. लासलगावला माल घेणं, निवडणं, गोणीत भरणं आणि बंदरापर्यंत नेणं याला किलोमागे ८ रुपये खर्च येतो असं धरू. निर्यातदाराचा नफा तूर्त बाजूला ठेवला, तर तो लिलावात ३४ रुपयांपर्यंत बोली लावू शकतो.

आता ४० टक्के शुल्क लागलं. गिऱ्हाईक ४२ रुपयांच्या वर जात नाही, म्हणजे त्यातच शुल्क बसवायचं. मालाची किंमत ३० रुपये आणि त्यावर ४० टक्के म्हणजे १२ रुपये शुल्क, झाले ४२. तीस रुपयांतून खर्चाचे ८ वजा केले की लासलगावची बोली येते २२ रुपयांवर. दुबईवाल्याने एक पैसाही जास्त दिला नाही. सरकारच्या तिजोरीत गेलेले १२ रुपये थेट शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवरून उतरले.

प्रत्यक्षात गणित इतकं एकतर्फी नसतं. भारत कांद्याचा मोठा निर्यातदार असल्याने थोडा भार काही काळ खरेदीदार देशांवरही पडतो. २०१९ मध्ये भारताने निर्यात बंद केल्यावर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या एका कार्यक्रमात, आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको असं सांगितल्याचं हसत हसत ऐकवलं होतं. पण गिऱ्हाइकाला दुसरं दुकान सापडेपर्यंतच हा भार त्याच्यावर राहतो.

निर्यात होतो थोडाच कांदा, मग सगळ्याचा भाव का पडतो?

२०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०० लाख टन कांदा पिकला आणि त्यातला सुमारे २५ लाख टन बाहेर गेला. म्हणजे एक दशांशही नाही. पण बाजार समितीत निर्यातीचा आणि घरगुती खपाचा कांदा वेगवेगळ्या रांगेत उभा नसतो. एकाच ट्रॉलीसमोर दिल्लीला माल पाठवणारा, मुंबईला पाठवणारा आणि कोलंबोला पाठवणारा असे सगळे बोली लावतात. कोलंबोवाल्याने हात आखडता घेतला की बाकीच्यांनाही जोर लावायची गरज उरत नाही. शिवाय जो माल बाहेर जायचा, तोही देशातच विकावा लागतो. त्यामुळे ज्या शेतकऱ्याचा कांदा कधीच जहाजात चढणार नव्हता, त्यालाही कमी भाव मिळतो.

हा शुल्काचा दुष्परिणाम नाही, उद्देशच आहे. देशात कांदा स्वस्त राहावा म्हणूनच ते लावलं जातं.

सरकारची अडचणही खोटी नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या किरकोळ महागाई निर्देशांकात कांद्याचा वाटा होता ०.६४ टक्के, म्हणजे शंभर रुपयांच्या टोपलीत अवघे ६४ पैसे. पण त्याचा भाव काही आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो आणि तो घराघरात जाणवतो. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याने काय केलं, हे कोणताच पक्ष विसरलेला नाही.

तीन हत्यारं, तीन वेगळे परिणाम

१९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के शुल्क लागलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, तेव्हा केंद्राने २,४१० रुपये क्विंटल दराने आणखी २ लाख टन कांदा खरेदी करण्याची घोषणा केली. शुल्क मालाच्या किमतीच्या टक्केवारीत असल्याने कागदावर किंमत कमी दाखवण्याचा मोह सुटतो. किमान निर्यात मूल्य ठरवलं की ती वाट अरुंद होते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ते टनाला ८०० डॉलर, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपये ठरलं. त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवताच येईना. तरीही भाव आटोक्यात राहिले नाहीत, तेव्हा ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत, नंतर पुढील आदेशापर्यंत.

एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि महाराष्ट्रात संताप उसळला. लगोलग सहा देशांना मिळून ९९,१५० टन निर्यातीची परवानगी दिल्याचं निवेदन सरकारने काढलं. ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक आणि दिंडोरीत मतदान होतं २० मे रोजी. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. एकट्या कांद्यामुळे असं म्हणणं धाडसाचं ठरेल, पण कांद्याशिवाय हा निकाल समजत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये, महाराष्ट्र विधानसभेच्या तोंडावर, किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आलं.

वेळ कुणावर येते?

उन्हाळ कांदा मार्च ते मेदरम्यान निघतो आणि नवा लाल कांदा येईपर्यंत देश मुख्यतः त्यावरच जगतो. ज्याला पैशाची निकड असते तो शेतकरी काढणी होताच मिळेल त्या भावात विकून मोकळा होतो. ज्याच्याकडे चाळ आहे तो साठवतो. घट, सड, कोंब हे सगळं सोसून ऑगस्ट-सप्टेंबरात चार पैसे मिळतील या आशेवर तो थांबलेला असतो. निर्बंध बहुतेक वेळा नेमके तेव्हाच येतात. २०१९ चे सप्टेंबर, २०२० चे सप्टेंबर, २०२३ चा ऑगस्ट. मे महिन्यात भाव पडतो तेव्हा मात्र इतक्या तातडीने अधिसूचना निघत नाही.

शुल्क गेल्यावर तरी भाव वाढला का?

नाही. शुल्क हटवण्याची घोषणा करणाऱ्या सरकारी निवेदनातच २१ मार्च २०२५ चा लासलगावचा सर्वसाधारण दर १,३३० रुपये क्विंटल दिला होता आणि रब्बीचं उत्पादन २२७ लाख टन, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा १८ टक्के जास्त, असा अंदाज होता. निर्यात तोपर्यंत घसरली होती: २०२३-२४ मध्ये १७.१७ लाख टन आणि २०२४-२५ मध्ये १८ मार्चपर्यंत ११.६५ लाख टन. शुल्क एका अधिसूचनेने जातं, गिऱ्हाईक अधिसूचनेने परत येत नाही. पुढच्या महिन्यात भारतातून माल मिळेल की नाही याची खात्री नसलेला आयातदार दुसरीकडेही सौदे करून ठेवतो.

ग्राहकाला वाचवण्याचा दुसरा मार्ग सरकारकडे आहे. काढणीच्या वेळी नाफेड आणि एनसीसीएफमार्फत कांदा खरेदी करायचा, भाव चढला की तो बाजारात सोडायचा. २०२३ मध्ये हाच कांदा शहरांत २५ रुपये किलोने विकला गेला होता. ही खरेदी थेट बाजार समितीच्या लिलावात व्हावी, अशी शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे, कारण तिथे सरकारही एक बोली लावणारा ठरेल. २०२५ साठी या साठ्याचं उद्दिष्ट ३ लाख टन होतं. रब्बीचा अंदाज २२७ लाख टनांचा.