साखरेचा आकडा कोणाकोणाला दिसतो?

मधुमेहाच्या काही रुग्णांच्या दंडावर अलीकडे रुपयाएवढी एक चकती दिसू लागली आहे. तिची केसासारखी तार त्वचेखाली राहते आणि दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाईलवर उमटतो. वारंवार बोट टोचण्याचा त्रास वाचतो. वडील पांढरकवड्यात आणि मुलगा पुण्यात किंवा हैदराबादेत असला, तरी रात्री साखर उतरताच मुलाच्या फोनवर इशारा जाऊ शकतो. रक्तदाबाची काही यंत्रे, नाडीची लय टिपणारी घड्याळे, इतकेच काय, काही पेसमेकरसुद्धा आता अशीच बिनतारी माहिती पाठवतात.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवा सुरू झाली, तेव्हापासून रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतात : या लहरींनी शरीराला अपाय होतो काय? ठरवून दिलेल्या मर्यादेत तसा अपाय सिद्ध झालेला नाही. पेसमेकर असलेल्यांनी मात्र मोबाईल छातीवरच्या खिशात ठेवू नये. यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. लहरींची भीती पुष्कळांना वाटते. त्या लहरींवरून आपल्या आजाराची माहिती कुठे जाते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

तिची वाट अशी असते. चकतीकडून आकडा जवळच्या फोनवर येतो. तेथून टॉवरमार्गे किंवा घरच्या वायफायमार्गे तो कंपनीच्या दूरच्या संगणकात साठतो आणि तिथून मुलाच्या फोनवर उतरतो. यातला टॉवरचा टप्पा फाइव्ह-जीमध्ये पूर्वीपेक्षा मजबूत झाला आहे. आधीच्या पिढ्यांत सिमकार्डाचा ओळख क्रमांक काही वेळा हवेतून उघडाच जात असे; आता तो सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय आहे. पण रस्ता पक्का झाला म्हणून घराचे दार आपोआप बंद होत नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे व वायफायची यंत्रे ताब्यात घेतली. त्यासाठी फार मोठी हुशारी लागली नव्हती. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता, एवढे पुरेसे होते.

आपल्या राज्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन संस्थेने २०१९ साली जगभरातील एक्स-रे, सीटी स्कॅन व एमआरआयचे साठे तपासले. भारतातील बारा कोटींहून अधिक प्रतिमा इंटरनेटवर उघड्या आढळल्या. त्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता : तीन लाखांहून अधिक नोंदी आणि जवळजवळ सात कोटी प्रतिमा. सोबत रुग्णाचे नाव, जन्मतारीख, डॉक्टरांचे नाव. कोणी कुलूप फोडले नव्हते. कित्येक ठिकाणी ते लावलेलेच नव्हते. आपल्या तालुक्यातील माणूस स्कॅनसाठी यवतमाळ, सावंगी किंवा नागपूर गाठतो. फिल्मचे पाकीट घरी कपाटात जपून ठेवतो, पण तीच फिल्म तिकडच्या संगणकात राहिली आहे हे त्याच्या गावीही नसते.

“माझा एक्स-रे पाहून कोणाला काय मिळणार?” असे वाचक म्हणतील. लहान गावात आजाराची बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. मुलीला फिट येतात किंवा क्षयाची औषधे सुरू आहेत एवढे कळले, तरी ठरत आलेली सोयरीक मोडते. एचआयव्हीची माहिती संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी केली, ती उगाच नव्हे. शिवाय ज्याला तुमचा आजार ठाऊक आहे, असा ठग फोनवर चटकन विश्वास मिळवतो.

प्रश्न कधी थेट जिवाशीही येऊ शकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत अ‍ॅबट कंपनीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरमध्ये असा दोष आढळला की जवळ येऊन कोणी त्यांची आज्ञावली बदलू शकेल. कोणाला इजा झाल्याची नोंद नव्हती. शस्त्रक्रियाही लागली नाही. दवाखान्यात बसून काही मिनिटांत सुधारणा करता आली. म्हणून अशा यंत्राची तपासणीची तारीख चुकवू नये.

घाबरून चकती काढून टाकणे हा यावर उपाय नव्हे. साखर उतरून बेशुद्ध पडण्याचा धोका माहिती फुटण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. वायफायचा मूळ पासवर्ड मात्र आजच बदलावा. फोनला कुलूप असावे आणि अ‍ॅप सुधारण्याची सूचना आली की ती टाळू नये. साखर मोजणारे अ‍ॅप तुमच्या ओळखीच्यांचे क्रमांक मागू लागले, तर सरळ नकार द्यावा. साखरेचा आणि त्यांचा काय संबंध? मुलाला आकडे दाखवण्यासाठी त्याचे वेगळे खाते जोडावे, आपला पासवर्ड देऊ नये. जुना फोन विकण्यापूर्वी तो पूर्ण पुसावा.

आणि सर्वांत मोठी गळती आपण स्वतःच करतो. रक्ताचा अहवाल नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची पद्धत पडली आहे. तो फक्त डॉक्टरांना पाठवावा. तुमच्या आजाराचे नाव घेऊन कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.