हेडसेटमध्ये भुंगा, गेममध्ये झटके!

सकाळी साडेदहाच्या कॉलवर बॉस विचारतो, "तुझ्याकडे मिक्सर चालू आहे का?" रात्री अकराला व्हॅलोरंटमध्ये टीममेट्स तेच विचारतात, फक्त जरा शेलक्या शब्दांत! मिक्सर कुठला, तुमचा हेडसेट गुणगुणतोय. मग हमखास ठरतं, पगार झाला की नवा घ्यायचा. थांबा जरा. चार-पाच हजार उडवायच्या आधी तो आवाज नीट ऐका. कुठून येतोय ते बऱ्याचदा तोच सांगतो.

एकसुरी, खालच्या पट्टीतला 'घूंऽऽ' असेल तर संशय विजेवर. आपल्याकडचा घरगुती पुरवठा ५० हर्ट्झचा; अर्थिंग धड नसलं की तो कानात उतरतो. लॅपटॉपवाल्यांची टेस्ट सोप्पी: चार्जर काढा. बॅटरीवर आवाज गायब झाला, तर हेडसेट बिचारा निर्दोष! डेस्कटॉपवाल्यांनी आठवून बघावं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर कधी मुंग्या आल्यात का? जुन्या इमारतींतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे हिरवी वायर जोडलेलीच नसते. हे तपासायचं काम वायरमनचं, आपलं नाही.

इथे एक फेमस जुगाड आहे. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढून टाकायची किंवा टू-पिन कन्व्हर्टर लावायचा. गंमत म्हणजे याने गुणगुण कधी कधी खरंच थांबते, आणि म्हणूनच तो पसरतो. पण पॉवर सप्लाय बिघडून पत्र्यात करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायची वाट त्याच पिनमधून असते. ती काढली की वाट तुमच्या अंगातून. नको रे बाबा!

माउस हलवला किंवा गेम सुरू केला की बदलणारी बारीक 'चिर्रर्र' वेगळी. ती कॅबिनेटच्या आतली. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डपर्यंत जाताना ग्राफिक्स कार्डाच्या आसपासचा सगळा गोंधळ गोळा करत जाते. हेडसेट मागच्या जॅकला लावून बघा, खर्च शून्य! तरीही राहिली, तर काहीशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. त्याची चिप कॅबिनेटच्या बाहेर असते. आणि समोरच्याला नुसतं 'सूंऽऽ' ऐकू जात असेल, तर विंडोजमधला मायक्रोफोन बूस्ट कमी करा, माइक तोंडाजवळ आणा.

ब्लूटूथवाल्यांची कहाणी न्यारी. गाणी झकास, पण गेममध्ये माइक ऑन झाला की सगळं जुन्या लँडलाइनसारखं! हा बिघाड नाही. बहुतेक हेडसेट माइक लागला की कॉलच्या मोडमध्ये जातात, आणि तिथे आवाजाची क्वालिटी घसरते. उपाय? माइक वेगळा घ्या, नाहीतर सरळ वायर लावा. वायरलेस डोंगलवाल्यांनी तो निळ्या यूएसबी ३.० पोर्टपासून लांब, छोट्या एक्स्टेन्शन वायरवर ठेवावा. हे पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच कचरा करतात; इंटेलनेच २०१२ मध्ये हे लिहून ठेवलंय.

आता गेमचे झटके. आधी कॅबिनेटच्या मागे वाकून बघा, मॉनिटरची केबल कुठे आहे? मदरबोर्डला लावली असेल, तर महागडं ग्राफिक्स कार्ड बहुधा आराम करतंय! हौसेने घेतलेला १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६०वरच अडकलेला असतो, तेही बघा. रॅमची एकच स्टिक असेल, तर तेवढ्याच क्षमतेच्या दोन बऱ्या.

पहिली दहा मिनिटं मक्खन आणि नंतर अडखळत असेल, तर मामला गरमीचा. प्रोसेसर आणि कार्ड तापले की स्वतःच वेग कमी करतात. आपल्या एप्रिल-मेमध्ये, बंद टेबलाच्या कप्प्यात कोंबलेल्या कॅबिनेटचं काय होत असेल? प्लग काढा, बाजूचा पत्रा उघडा, फॅन बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवा. आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम्सना १४०ची मर्यादा घाला. कार्ड गार, फॅन शांत, माइकमध्ये शिरणारी घरघरही कमी.