जुने जहाज विकत घेताना

जुनी लाकडी नौका घ्यावयाची तर रंगावर भाळू नये. पाण्याखालचे लाकूड टोचून पाहावे, फळ्यांचे सांधे चाचपावेत, खिळे गंजले की काय ते बघावे. किंमत एकदाच मोजावयाची असते. डागडुजी दरसाल पाठीस लागते.

इंग्लंडातील कॉब नावाच्या धनिकाचेच पाहा. नेल्सनचे ‘फूद्रॉयाँ’ हे जहाज जर्मनीतील मोडणाऱ्यांच्या हाती गेले होते. १८९२ साली कॉबने ते सोडवून आणले, सजविले आणि किनाऱ्याकिनाऱ्याने लोकांस दाखवू लागला. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलपाशी वादळात ते फुटले. पण गड्याची हौस फिटली नाही! त्याच वर्षी त्याने मोडीच्या वाटेवरचे दुसरे जहाज घेतले. ते ‘त्रिंकोमाली’, आपल्या मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले.

इंग्लंडात ओकची टंचाई, म्हणून हे काम मुंबईस आले आणि जहाज सागवानाचे झाले. ओक लोखंडी खिळ्यांना खातो. सागाच्या अंगी तेल असते; खिळे टिकतात, कीडही सहसा लागत नाही. बांधणीप्रमुख जमशेटजी बोमनजी वाडियांचे नाव ग्रंथांत आहे, ते रास्तच. पण करवती ओढल्या त्या सुतारांनी, सांधे ठासले तेही त्यांनीच. ऐंशी वर्षांनी कॉबने पैसे मोजले ते, आमच्या लेखी, त्यांच्या मेहनतीचे.

पुढे १९८६ पर्यंत त्या जहाजावर मुलांना नौकानयनाचे शिक्षण मिळाले. मग हार्टलपूल येथे १९९० ते २००१ अशी दुरुस्ती चालली, आणि निम्म्याहून अधिक मूळ लाकूड जागच्या जागी ठेवता आले.