पिरॅमिड पाहिले, घरंही पाहिली

‘दगड बघायला एवढे पैसे? आपल्याकडे काय डोंगर कमी आहेत?’ निघण्याआधी हे वाक्य आमच्या गटातल्या बहुतेकजणींनी ऐकलेलं होतं. कुणी नवऱ्याकडून, कुणी सासूकडून, तर बाईंनी थेट मुलांकडून. बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण बोलणं खणखणीत. पेन्शनमधून चार वर्षं पैसे साठवून त्या इजिप्तला निघाल्या होत्या. ‘या वयात झेपणार नाही’ हे मुलांनी पुढे केलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं, ते कळायला लक्सर उजाडावं लागलं.

आम्ही गेलो डिसेंबर २०२५ मध्ये. इजिप्तला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात जावं. उन्हाळ्यात लक्सर-आस्वानला आपल्या चंद्रपूरसारखं भाजून निघतं म्हणे. डिसेंबरात मात्र सकाळी शाल लागते आणि दुपारी टोपी.

गिझाचे पिरॅमिड कैरो शहराला अगदी चिकटून आहेत. पोस्टकार्डावर नुसतं वाळवंट दिसतं, पण मागे वळलं की इमारती, गाड्या आणि हॉर्न! खुफूचा मोठा पिरॅमिड साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. मूळची उंची १४६ मीटर, दगड अंदाजे तेवीस लाख. आत जायचं वेगळं तिकीट असतं. पण मैत्रिणींनो, गुडघे किंवा दम्याचा त्रास असेल तर हा मोह टाळा. सुरुवातीची चढण कमरेत वाकून चढावी लागते, हवा कोंदट, आणि वर पोचल्यावर एक रिकामी दगडी पेटी. बाई बाहेरच बसल्या. उंटवाल्यांनी ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ असा गजर केल्यावर त्यांनी शाळेतल्यासारखं ‘गप्प बसा’ म्हटलं. मराठी कळलं नाही, पण स्वर कळला असावा.

पिरॅमिडजवळच नवं भव्य संग्रहालय, ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’, नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुलं झालं. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू इथे पहिल्यांदाच एकत्र मांडल्या आहेत. दहा किलोंचा तो सोन्याचा मुखवटा पाहून आमच्यातल्या एकीने तिथल्या तिथे आजचा भाव लावला. मला विचाराल तर मुखवट्यापेक्षा सिंहासन पाहा. त्याच्या पाठीवर राणी अंखेसेनामुन बसलेल्या नवऱ्याला प्रेमाने सुगंधी तेल लावते आहे. दोघंही कोवळ्या वयाची. याच थडग्यात दोन इवल्याशा शवपेट्या सापडल्या, आत पूर्ण दिवस न भरलेल्या दोन मुलींच्या ममी. त्या या दोघांच्याच असाव्यात असं मानलं जातं. गाईड हे सांगत होती तेव्हा सोन्याच्या भावाची चर्चा आपोआप थांबली.

आमची गाईड म्हणजे तिशीतली कैरोची मुलगी. इजिप्तॉलॉजीची पदवीधर, डोक्याला स्कार्फ, पायात स्पोर्ट्स शूज. तिला राजांपेक्षा बायकांच्या गोष्टी सांगायची हौस, आणि आम्हाला ऐकायची. लक्सरला हात्शेपसुतच्या देवळात तर तिला चेवच आला. उंच कड्याला पाठ लावून बांधलेलं ते तीन मजली देऊळ आजच्या काळातलं वाटावं इतकं सुटसुटीत आहे. ही बाई सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी फॅरो होती. नवरा वारला, सावत्र मुलगा लहान, म्हणून आधी त्याच्या नावाने कारभार पाहिला. मग स्वतःच मुकुट घातला आणि एकूण वीस-एक वर्षं राज्य केलं. पुतळ्यांत तिला राजाची खोटी दाढीही लावलेली दिसते. भिंतीवर पुंत देशाच्या सफरीची चित्रं आहेत. धुपाची झाडं मुळासकट टोपल्यांत घालून, काठ्यांवर तोलून आणताहेत. आपण नर्सरीतून रोप आणतो तसंच! तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी सावत्र मुलाने तिचं नाव आणि चित्रं जागोजाग छिन्नीने उडवली. पण कर्नाकच्या देवळात तिचा ९७ फुटी अखंड दगडाचा स्तंभ अजून उभा आहे.

दुपारच्या कार्यक्रमात अलाबास्टर दगडाच्या वस्तूंचं दुकान होतं. अशा सहलींत दुकानं फार. आदल्या दिवशी अत्तर आणि पपायरसमध्ये दोन तास गेलेच होते. गाईड सहज म्हणाली, ‘इथून पाच मिनिटांवर कामगारांचं गाव आहे, पण तुमच्या यादीत नाही.’ बाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, ‘यादीत नसेल तर घालायचं. दगडाचे दिवे मला नकोत.’ टूर मॅनेजर कुरकुरला. आम्ही अकराजणींनी हात वर केल्यावर तिकिटं काढायला गेला.

त्या गावाचं नाव देर-एल-मदिना. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर इथे राहत. छपरं गेली, भिंती कमरेएवढ्या उरल्या, पण घरं ओळखू येतात. ओळीने सत्तरेक घरं, मधून अरुंद बोळ. पुढे बैठकीची खोली, मागे चूल. गावात विहीर नव्हती, पाणी गाढवांवरून यायचं. हे ऐकून आमच्यातल्या मराठवाड्याच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

इथली माणसं लिहिणारी होती. खापरांवर, दगडाच्या कपच्यांवर धोब्याकडे दिलेल्या कपड्यांची यादी, उधारी, भांडणं, सगळं लिहिलेलं सापडलं आहे. एका कपचीवर चक्क हजेरीपट आहे, रामसेस दुसऱ्याच्या काळातला. तो आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कामावर न येण्याची कारणं काय? विंचू चावला, बिअर गाळायची होती, आणि बायकोची किंवा मुलीची पाळी! सव्वातीन हजार वर्षांपूर्वी पुरुषाच्या रजेचं हे कारण सरकारी हजेरीत लिहिलं जात होतं. आपल्याकडे अजून तो शब्द दबक्या आवाजात बोलतात.

पण बाईंना थांबवलं ते नौनाख्तच्या गोष्टीने. नौनाख्त याच गावातली. दोन लग्नं झालेली, दुसऱ्या नवऱ्यापासून आठ मुलं. सुमारे ३१७० वर्षांपूर्वी ही म्हातारी गावच्या न्यायसभेपुढे उभी राहिली आणि तिने आपलं मृत्युपत्र लिहवून घेतलं. तिचं सांगणं असं, की मी आठही मुलांना वाढवलं, त्यांचे संसार मांडून दिले. आता मी म्हातारी झाले तर काहीजण मला विचारत नाहीत. ज्यांनी माझा हात धरला त्यांना माझ्या मालमत्तेतलं देईन, ज्यांनी नाही धरला त्यांना माझ्या वाट्यातलं देणार नाही. बापाच्या वाट्यातलं मात्र सगळ्यांना मिळेल. जपणाऱ्या एका मुलाला तिने काशाचं एक भांडं जास्तीचं दिलं. मूळ कागद ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

बाईंनी विचारलं, ‘मग मुलांनी ऐकलं का?’ गाईड म्हणाली, ‘पुढच्या वर्षी नवरा आणि मुलं पुन्हा सभेपुढे आली आणि आईने लिहिलंय तसंच होईल, असं सांगून गेली.’

बाई एका उंबऱ्यावर टेकल्या आणि बोलत्या झाल्या. गावाजवळची दोन एकर जमीन त्यांच्या स्वतःच्या पगारातून घेतलेली, सातबारावर एकट्या त्यांचं नाव. दोन्ही मुलांचा तगादा की आत्ताच बक्षीसपत्र करून द्या. ‘इजिप्तला जाऊन आल्यावर सही करते,’ असं सांगून त्या आल्या होत्या. त्यांच्या आजारपणात चार महिने रजा काढून राहिली ती मुलगी. तिचं नाव कुठेच नव्हतं.

तालुक्यात बायकांच्या हक्काचं काम करताना अशा सह्या मी खूप पाहिल्या आहेत. राखीपौर्णिमेला येताना बहिणीची हक्कसोडावर सही घेतात, आणि आईची तर विचारायचीही गरज वाटत नाही. बाईंना मी इतकंच सांगितलं, की बक्षीसपत्राची नोंदणी झाली की जमीन हातातून गेली, ती परत मिळवणं महाकठीण. मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं आणि तोवर हवं तितक्या वेळा बदलता येतं.

पुढचे दोन दिवस त्या गप्प होत्या. आस्वानला कोशरी खाल्ली. भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा; शाकाहारी माणसाला इजिप्तमध्ये उपाशी राहावं लागत नाही. लाल अंबाडीच्या फुलांचं ‘करकदे’ सरबतही प्यालो.

अबू सिंबेलला पहाटे चारला बस निघते, साडेतीन तासांचा वाळवंटी रस्ता. आस्वानच्या धरणात बुडू नयेत म्हणून तिथली दोन्ही देवळं १९६४ ते ६८ मध्ये कापून, उचलून ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारली. मोठ्या देवळात रामसेसचे चार अवाढव्य पुतळे, आणि राणी त्याच्या पायाशी, गुडघ्याएवढी. शेजारच्या छोट्या देवळावर मात्र नेफर्तारी नवऱ्याइतकीच उंच. बाईंनी दोन्हीकडे बराच वेळ मान वर करून पाहिलं.

परतीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. ‘मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागतो?’

‘नाही. साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांनी तुमची सही पाहून सह्या करायच्या. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. डॉक्टरांचा दाखला जोडा.’

मागच्या सीटवरून दोघी पुढे वाकल्या. ‘आम्ही होतो की साक्षीदार!’

मी म्हटलं, ‘घरी जाऊन शांतपणे करा बाई. जमिनीचा गट नंबर वगैरे नीट लिहावा लागतो.’

‘तो मला पाठ आहे,’ म्हणत बाईंनी पर्समधून डायरी आणि पेन काढलं.