निबंधाची बांधणी

पुष्कळ वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गास ‘महर्षी धोंडो केशव कर्वे’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितले होते. एका विद्यार्थ्याने मोठ्या कष्टाने माहिती जमविली होती. परंतु त्याचा निबंध वाचून झाल्यावर मनात काहीच ठसले नाही. १९५८ साली मिळालेल्या ‘भारतरत्न’ किताबाने आरंभ, मग १८५८ सालचा जन्म, त्यानंतर १९१६ साली स्थापन झालेले महिला विद्यापीठ आणि अखेरीस बालपणीची हकीकत, असा त्याचा क्रम होता. मध्येच मुरूडच्या समुद्रकिनाऱ्याचे अर्धे पान वर्णन होते. मी वहीवर ‘विस्कळीत’ असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन आला आणि म्हणाला, “गुरुजी, यात चुकीचे काय आहे, ते सांगाल का?” चुकीचे काहीच नव्हते! निबंध लिहावयास सांगून मी मोकळा झालो होतो. जमविलेले मुद्दे जुळवावे कसे, हे मी शिकविलेच नव्हते.

मग आम्ही दोघे बसलो. प्रथम सर्व मुद्दे एका कागदावर सुटे लिहिले. मी विचारले, “यांतून वाचकास एकच गोष्ट सांगावयाची झाली, तर कोणती सांगशील?” तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने दोन मुद्द्यांवर बोट ठेवले. लहानपणी कर्वे एका परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास शंभराहून अधिक मैल पायी गेले. पण वयाने लहान दिसतात, म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाले, की ते हिंगण्याच्या आश्रमात पायी जात. “गुरुजी, हे कधी थांबलेच नाहीत!” तो उद्गारला.

निबंधाचे सूत्र सापडले. हाराला जसा दोरा, तसे निबंधाला सूत्र. ते हाती आले, की बाकीची मांडणी सोपी होते.

निबंधाचे तीन भाग असतात. प्रास्ताविकात वाचकास सूत्राची चाहूल द्यावी. म्हणून साताऱ्याची पायपीट आरंभी आली. मध्यभागात मुद्दे क्रमाने मांडावेत व एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्यावा. हे परिच्छेद ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘तरीही’ अशा शब्दांनी सांधावेत. १८९३ साली विधवेशी विवाह केल्यामुळे कर्व्यांना बहिष्कार सोसावा लागला. तरीही १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. येथे ‘तरीही’ हा एकच शब्द त्यांचा निर्धार दाखवितो. त्यानंतर विद्यापीठाचा मुद्दा आपोआप आला. समारोपात नवी माहिती भरू नये. सांगितलेल्याचे सार सांगावे. ‘भारतरत्न’ तेथे शोभून दिसले, कारण तोवर त्यामागचे कष्ट वाचकास कळले होते.

राहिला समुद्रकिनारा. तो मुलाने स्वतः पाहिला होता व ते वर्णन सुंदर होते. पण सूत्राशी त्याचा संबंध नव्हता. काही वेळ घुटमळून त्याने त्यावर रेघ ओढली. “हा दुसऱ्या निबंधात येईल,” असे म्हणून तो हसला.

मुलांनो, नव्या निबंधात एकही नवी माहिती नव्हती. तरीही तो वर्गात वाचला गेला, तेव्हा सारी मुले स्तब्ध होऊन ऐकत होती. जे मनात स्पष्ट असते, तेच कागदावर स्पष्ट उतरते. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःस विचारा, ‘मला नेमके काय सांगावयाचे आहे?’