कातड्याची पारख

सोनें कसोटीवर घासून घ्यावें, रेशमाचा धागा जाळून पाहावा, तूप तळहातावर चोळून त्याचा वास घ्यावा, केशराची काडी दुधांत सोडून रंग किती हळू उतरतो तें पाहावें, हें शिक्षण आपल्या घरांतून सासूकडून सुनेकडे आणि आईकडून मुलीकडे आपोआप चालत आलें. परंतु पायांतील वहाणा, कमरेचा पट्टा, पैशाचें पाकीट, प्रवासाची बॅग यांची पारख मात्र आपणांस कोणी शिकविली नाहीं. त्याचें कारण उघड आहे. कातडें हा जिन्नस सोवळ्याच्या नांवाखालीं उंबरठ्याबाहेर राहिला, आणि तो घडविणारा मनुष्य त्याहूनही दूर ठेवला गेला. ज्या वस्तूस हात लावणें कमीपणाचें मानलें, ती हातानें ओळखण्याची विद्या घरांत येणार कोठून?

या अज्ञानाचा लाभ आज बाजार घेत आहे. पूर्वीं नकली कातड्यास ‘रेक्झिन’ असें स्वतंत्र नांव असे. तें मूळचें एका विलायती मालाचें व्यापारी नांव. परंतु रेक्झिन मागणारास आपण काय मागतों हें ठाऊक होतें. आतां कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढविला कीं त्यास ‘पीयू लेदर’ म्हणतात. नांवांत ‘लेदर’ आहे, मालांत मात्र कातड्याचा अंशही नाहीं. नकली वस्तु वापरणें हा कांहीं अपराध नव्हे. ती स्वस्त असते, हलकी असते, आणि ज्यांस अहिंसेच्या दृष्टीनें कातडें वर्ज्य आहे त्यांस ती हवीच असते. तक्रार इतकीच, कीं जें नांव घेऊन पैसे मागितले तेंच ग्राहकाच्या हातीं पडावें. कातडें हवें असणारास व नको असणारास, दोघांसही ही पारख सारखीच उपयोगाची आहे.

पारखीच्या आधीं वस्तूची घडण समजून घेतली पाहिजे. कातडें म्हणजे कोलॅजन नांवाच्या प्रथिनाच्या असंख्य सूक्ष्म तंतूंची गुंतवळ. कापडांत धागे ठराविक क्रमानें विणलेले असतात. कातड्यांत तंतु सर्व दिशांस एकमेकांत शिरलेले असतात. केसांच्या बाजूस ते बारीक व दाट, तर मांसाकडील बाजूस जाडसर व सैल असतात. ओलें कातडें तसेंच ठेवलें तर कुजतें. बाभळीची साल व हिरडा यांतील तुरट द्रव्य, किंवा क्रोमियमचे क्षार, या तंतूंस एकमेकांशीं बांधून टाकतात आणि कातडें टिकाऊ होतें. यासच कातडें कमावणें म्हणतात. सालीनें कमावण्यास आठवडेच्या आठवडे लागतात. क्रोमियमनें काम फार लवकर उरकतें. नकली मालांत ही गुंतवळ नसते. तेथें खालीं बहुधा कापड आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा. पुढील परीक्षा बहुतेक या एकाच भेदांतून निघतात.

म्हणून वस्तु हातीं आली कीं प्रथम तिची चकाकी पाहूं नये, तिची कड पाहावी. पट्ट्याचें भोंक, आंतल्या खिशाची किनार, चपलेच्या तळाची बाजू, अशा ठिकाणीं कापलेली कड बहुधा उघडी सांपडते. खऱ्या कातड्याची कड तंतुमय व एकजीव असते. नखानें खरवडल्यास बारीक लव सुटते. नकलीच्या कडेस थर वेगळे दिसतात. उलट बाजू पाहावयास मिळाली तर काम आणखी सोपें: खऱ्याच्या उलट बाजूस मऊ लव, नकलीच्या उलट बाजूस विणलेलें कापड. सर्व कडा दुमडून, रंगवून व अस्तर लावून झांकलेल्या असतील, तर विक्रेत्यास विचारावें कीं उघडी कड कोठें आहे. या प्रश्नावर तो कसें उत्तर देतो, हीही एक परीक्षाच आहे.

नंतर पृष्ठभाग पाहावा. कातड्यावर केसांचीं रंध्रें असतात आणि त्यांची मांडणी जनावरागणिक निराळी असते. बकऱ्याच्या कातड्यावर तीं लहान लहान ओळींच्या गटांनीं, तर डुकराच्या कातड्यावर तीन-तीन एकत्र दिसतात. म्हशीचें कातडें भरड असतें. खऱ्या कातड्याचे दोन तुकडे हुबेहूब सारखे नसतात. कोठें जुना ओरखडा, कोठें शिरेची रेघ आढळते. नकलीवर एकच ठसा ठराविक अंतरानें पुन्हा पुन्हा उमटलेला असतो. अंगठ्यानें दाबल्यास खऱ्या कातड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात व बोट काढतांच मिटतात. नकलीवर बहुधा नुसता खळगा पडतो. मात्र खऱ्या कातड्यावरही यंत्रानें ठसा दाबतां येतो, हें ध्यानांत ठेवावें. एका खुणेवर निकाल देऊं नये. कड, उलट बाजू व रंध्रें या तिन्ही साक्षी जुळवून पाहाव्या.

कांहीं परीक्षा लोकांत प्रसिद्ध आहेत, पण त्यांवर भिस्त ठेवणें बरें नव्हे. पाण्याचा थेंब साध्या कातड्यांत हळूहळू मुरतो व तेथें डाग गडद होतो हें खरें. परंतु वर लेप चढविलेलें खरें कातडेंही पाणी शोषीत नाहीं. वास घेऊन पाहावा म्हणतात, पण नकली मालासही कातड्याचा वास देतां येतो. जाळून पाहिलें तर कातडें जळक्या केसांसारखा वास देतें व करपतें, प्लास्टिक वितळतें; परंतु ही परीक्षा दुकानांत करण्याची नव्हे व घरांतही करूं नये. पीव्हीसी जळतांना निघणारा धूर आम्लयुक्त व फुफ्फुसांस घातक असतो.

खरें व खोटें यांच्या मध्यें एक प्रांत आहे, आणि सुशिक्षित ग्राहक बहुधा तेथेंच फसतो. ‘जेन्युइन लेदर’ हे शब्द उत्तमपणाचें प्रमाणपत्र नव्हेत. जाड कातडें आडवें चिरून त्याचे थर काढतात. वरचा, रंध्रांचा थर सर्वांत बळकट. खालच्या सैल थरावर लेप चढवून विकलें तरी तें कातडेंच म्हणविलें जातें. ‘बॉन्डेड लेदर’ तर त्याहून उतरतें: कातड्याच्या कातरणांचा भुगा चिकट द्रव्यानें जोडून त्याचे पत्रे करतात. युरोपांत १९९४ च्या एका निर्देशान्वयें पादत्राणांवर खुणा छापाव्या लागतात. पसरलेल्या कातड्याची आकृति म्हणजे कातडें, तीच आकृति आंत लहान चौकटीच्या शंकरपाळ्यासह असली तर लेप दिलेलें कातडें, विणीची जाळी म्हणजे कापड, आणि नुसता शंकरपाळा म्हणजे इतर पदार्थ. परदेशी किंवा निर्यातीचा जोड घेतांना तळावर ही खूण शोधावी.

टिकाऊपणाचा प्रश्नही आहेच. दमट हवेंत पॉलियुरेथेनचा थर हळूहळू विघटित होतो. न वापरतां कपाटांत ठेवलेली बॅगही कांहीं वर्षांनीं पापुद्रे टाकूं लागते, आणि तिला पुन्हा नीट करणें शक्य नसतें. कोंकणांत व मुंबईंत हा अनुभव पुष्कळांस आहे. कातड्यास पावसाळ्यांत बुरशी धरते खरी. पण ती कोरड्या फडक्यानें पुसून, सावलींत वाळवून व थोडें तेल देऊन तें वर्षानुवर्षें चालवितां येतें, आणि शिवण उसवली तर पुन्हा घालतां येते.

पारखीचा हा विषय केवळ आपल्या पैशापुरता नाहीं. कोल्हापुरी चपलेचेंच पाहा. तिचा तळ, पट्टा, कान, अंगठा, वेणी सर्व कातड्याचें. परंपरेनें तें सालींनीं कमावलेलें असतें आणि जोड हातानें शिवलेला असतो. २०१९ सालीं या चपलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यांत महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्यें प्राडा या इटालियन पेढीनें मिलान येथील प्रदर्शनांत अगदीं याच घाटाच्या वहाणा मूळ स्थळाचा उल्लेख न करतां मांडल्या, तेव्हां आपल्याकडे मोठा संताप झाला व पुढें त्या पेढीस प्रेरणेची कबुली द्यावी लागली. संताप योग्यच होता. परंतु आपल्याच शहराच्या बाजारांत प्लास्टिकचा तळ व नकली पट्टा असलेली चप्पल ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते, आणि ती आपण अर्ध्या किंमतींत मिळाली म्हणून आनंदानें घरीं आणतों, तेव्हां त्या कारागिराचें नुकसान मिलानपेक्षां जवळून होतें. आठवडेच्या आठवडे कुंडांत कातडें कमावणारा ढोर समाजांतील मनुष्य आणि आरीनें तें शिवणारा चर्मकार यांच्या श्रमाची किंमत, ओळखणारें गिऱ्हाईक असेल तरच टिकते.

गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत वहाणा करण्याची कला स्वतः शिकून घेतली होती. त्यांनीं दिलेला आपल्या हातचा एक जोड जनरल स्मट्स यांनीं अनेक उन्हाळे वापरला व १९३९ सालीं, गांधीजींच्या सत्तराव्या वर्षाच्या निमित्तानें, आदरपूर्वक परत पाठविला. त्या हातांस हें काम कमीपणाचें वाटलें नाहीं. आपणांस तर तें करावयाचेंही नाहीं; केवळ ओळखावयाचें आहे.

तेव्हां पुढील खरेदीच्या वेळीं घरांतील मुलांस बरोबर न्यावें व कड कशी पाहावयाची तें त्यांस दाखवावें. पावतीवर ‘लेदर’ एवढेंच न लिहवितां कोणतें कातडें, वरचा भाग कशाचा, तळ कशाचा, हें लिहवून घ्यावें. पावतींत एक व वस्तूंत दुसरें निघालें तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. आणि शक्य असेल तेथें चप्पल करणाराच्या समोर बसून, त्याचें नांव विचारून, त्याच्याकडूनच जोड घ्यावा. कातडें कसें ओळखावें हें त्याच्याइतकें चांगलें आपणांस दुसरें कोणी शिकविणार नाहीं.